सेप्टिक टँकचा पंप वारंवार जळतो? नवा घेण्याआधी हे तपासा

सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी उतारानं शोषखड्ड्यापर्यंत किंवा जमिनीत मुरवण्याच्या पाइपांपर्यंत जात नसेल, तर मध्ये वेगळी पंपाची टाकी करावी लागते आणि तिथून ते पाणी वर ढकलावं लागतं. अशा टाकीतल्या सबमर्सिबल पंपाबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. पंप जळाला, रिवाइंडिंग करून बसवला, परत जळाला. नवा आणला, तोही टिकला नाही. मग कंपनी बदलली जाते, नाहीतर एक एचपीच्या जागी दीड एचपीचा पंप घेतला जातो. तो बऱ्याचदा आधीच्यापेक्षा लवकर जातो.

लागोपाठ दुसरा पंप जळाला की कारण पंपाच्या बाहेर आहे असं धरून चालावं, असं माझं ठाम मत आहे. ते पाण्यात असेल, पाइपात असेल, फ्लोटमध्ये (पातळीनुसार पंप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचमध्ये), केबलमध्ये किंवा मुळातल्या निवडीत असेल. ते सापडेपर्यंत तिसऱ्या पंपावर पैसे घालू नका.

आधी एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. या टाकीत कोणीही, कोणत्याही कारणासाठी, एक मिनिटासाठीसुद्धा उतरायचं नाही. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेला असतो, ऑक्सिजन कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ म्हणजे धोका टळला असं अजिबात नाही. एकजण बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरला आणि दोघेही गेले, अशा दुर्घटना वारंवार होतात. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून, पंप दोरीनं किंवा साखळीनं वर ओढून घ्यायचा. केबलला धरून ओढायचा नाही. पाइप सोडवण्यासाठी युनियन (पाइप न कापता उघडता येणारा आट्यांचा जोड) झाकणाजवळ, वरूनच हात पोचेल अशी हवी. ती नसेल तर नवा पंप बसवताना पहिलं काम तेच करा.

जळालेला पंप आधी उघडून बघा

पंप थेट रिवाइंडिंगला देऊन मोकळं होऊ नका. दुकानात तो तुमच्यासमोर उघडायला सांगा. काय खराब झालंय ते बघितलं की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

इंपेलरला, म्हणजे पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकाला, केस, दोरे, कापडाचे तुकडे, वेट वाइप्स गुंडाळलेले असतील तर सेप्टिक टँकमधून घन कचरा पुढे येतोय. ऑइल चेंबरमधलं तेल दुधासारखं पांढरट झालं असेल तर मेकॅनिकल सील (पाणी मोटरमध्ये जाऊ न देणारं शाफ्टवरचं सील) गेलं आणि पाणी आत शिरलं. सील बहुतेक वेळा पंप कोरडा चालल्यामुळे किंवा वाळू-गाळामुळे जातं. तेल स्वच्छ आहे पण वाइंडिंग (मोटरमधल्या तारांची गुंडाळी) सगळीकडून सारखं काळं झालंय, तर मोटर दीर्घकाळ तापत राहिली आहे. त्यामागे कमी व्होल्टेज, ओव्हरलोड, अडकलेला इंपेलर किंवा पाण्याबाहेर उघडी पडलेली मोटर असू शकते. सिंगल फेज मोटरमध्ये फक्त स्टार्टिंगचं वाइंडिंग जळालं असेल तर कपॅसिटर, स्टार्टिंगचा स्विच किंवा रिले यांच्यावर संशय घ्या, आणि पंप दिवसातून किती वेळा चालू-बंद होतो ते मोजा. केबल जिथे मोटरमध्ये शिरते तिथे हिरवट गंज दिसला तर पाणी केबलमधून आत आलं आहे. कुणीतरी पंप केबलला धरून उचलला असेल, नाहीतर टाकीतल्या टाकीत केबलला जोड दिला असेल आणि तो भिजला असेल.

रिवाइंडिंग करणाऱ्याला यातलं बरंच काही बघताक्षणी कळतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

पाणी कोणतं, त्यावर पंपाचा प्रकार

सेप्टिक टँकमध्ये तीन थर होतात. तळाला गाळ, वर तेल-साबणाची साय आणि मधे निवळलेलं सांडपाणी. पंपाच्या टाकीत फक्त हे मधलं पाणी यायला हवं. त्यासाठी जो पंप लागतो त्याला एफ्लुएंट पंप म्हणतात. तो साधारण १२ ते १९ मिलिमीटरपर्यंतचे कण पार करतो.

घोटाळा होतो तो इथे. टाकीला ओपनवेलचा सबमर्सिबल बसवलेला असतो, कारण तो सहज मिळतो. त्याचा इंपेलर बंद आणि अरुंद वाटांचा असतो, तो स्वच्छ पाण्यासाठीच केलेला असतो. साबणाचा चिकटा आणि कपड्यांचा तंतू त्यात बसला की प्रवाह घटत जातो आणि एक दिवस इंपेलर जाम होतो. पावसाचं पाणी उपसायचे हलके डिवॉटरिंग पंपही इथे फार टिकत नाहीत. सांडपाण्यातल्या वायूपासून ओलसर पृष्ठभागावर गंधकाम्ल तयार होतं आणि साधे स्क्रू, पातळ पत्रा, स्वस्त सील ते खाऊन टाकतं.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे ‘काहीही अडकायला नको’ म्हणून थेट मैल्याचा सीवेज पंप किंवा कटर पंप घेणं. सीवेज पंप ५० मिलिमीटरपर्यंतचे तुकडे पार करतो. पण तसे तुकडे तुमच्या पंपाच्या टाकीत येत असतील तर ते पुढे जाऊन शोषखड्डाच बुजवतील. कटर पंप तर सगळं बारीक दळून पाठवतो, आणि ते बारीक झालेलं मातीची छिद्रं आणखी लवकर बंद करतं. पंप वाचेल, शोषखड्डा जाईल, आणि शोषखड्डा परत खोदणं पंपापेक्षा कितीतरी अवघड आहे. कटर पंपाची जागा सेप्टिक टँकच्या आधी, जिथे कच्चा मैलाच दूरवर न्यायचा आहे तिथे.

म्हणून घन कचरा येत असेल तर इलाज सेप्टिक टँकवर करा. टँकच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी टी (साय आणि गाळ अडवणारा T आकाराचा पाइप) आहे का, ती तुटली आहे का ते बघा. तिथे एफ्लुएंट फिल्टर बसवा. दीड मिलिमीटरच्या आसपास फटी असलेला फिल्टर घरगुती टाकीला चालतो, फक्त तो वेळोवेळी काढून धुवावा लागतो. धुतलेलं पाणी सेप्टिक टँकमध्येच पडू द्या. आणि टँकचा गाळ दर ३ ते ५ वर्षांनी उपसून घ्या. गाळ वर चढला की पाण्याला निवळायला वेळच मिळत नाही आणि तो सगळा पंपाकडे येतो.

इंपेलर निवडायची संधी असेल तर मी घरगुती वापरासाठी व्होर्टेक्स प्रकार सुचवेन. त्यात इंपेलर मागे सरकवलेला असतो, पाणी भोवऱ्यासारखं फिरून बाहेर पडतं आणि तंतू पात्यांमध्ये अडकत नाहीत. कार्यक्षमता थोडी कमी मिळते, पण हा पंप दिवसभरात थोडाच वेळ चालतो, त्यामुळे विजेचा फरक जाणवण्याइतका नसतो.

हेडचा हिशेब: सर्वांत जास्त पंप इथे मरतात

हेड म्हणजे पंपाला पाणी किती उंच ढकलावं लागतं ते; पाइपातलं घर्षण आणि दाबही त्यात उंचीसारखाच मीटरमध्ये धरतात. पंपाच्या पाटीवर ‘कमाल हेड १० मीटर, कमाल प्रवाह २०० लिटर प्रति मिनिट’ असं लिहिलेलं असतं. हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. १० मीटरवर पंप पाणी फक्त उभं धरून ठेवतो, प्रवाह शून्य असतो. २०० लिटर मिळतात ते जवळजवळ शून्य उंचीला. खरा पंप या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो आणि ते ठिकाण कंपनीच्या वक्रावर, म्हणजे हेड आणि प्रवाहाच्या आलेखावर दिसतं. हा आलेख मागून घ्या. जो विक्रेता तो देऊ शकत नाही त्याच्याकडून पंप घेऊ नये.

आधी प्रवाह किती हवा ते ठरवा. पाणी नुसतं शोषखड्ड्यात सोडायचं असेल तर घरातून एका वेळी जास्तीत जास्त येणाऱ्या पाण्यापेक्षा पंप थोडा जास्त ओढणारा असला की पुरे. भोकं पाडलेल्या पाइपांमधून दाबानं पाणी पसरवायचं असेल तर भोकं मोजावी लागतात. ६ मिलिमीटरच्या एका भोकातून पाऊण मीटर दाबाला मिनिटाला साधारण ४ लिटर पाणी जातं. अशी ३० भोकं असतील तर मिनिटाला १२० लिटर, म्हणजे सेकंदाला २ लिटर.

आता हेड. पंप ज्या पातळीला बंद होतो तिथपासून पाइपाच्या सर्वांत उंच ठिकाणापर्यंतची उभी उंची घ्या. टाकीच्या झाकणापासून मोजू नका, आतली खोली त्यात धरायची असते आणि हीच चूक नेहमी होते. समजा ती ४ मीटर आली. पाइप ६० मीटर लांब आहे आणि एल्बो, व्हॉल्व्ह यांचं घर्षण मिळून आणखी १० मीटर पाइपाएवढं धरलं, तर एकूण ७० मीटर. पाइपाचा आतला व्यास ५० मिलिमीटर असेल तर सेकंदाला २ लिटर प्रवाहाला दर १०० मीटरमागे साधारण २.२ मीटर हेड घर्षणात जातं. ७० मीटरला दीड मीटर. भोकांपाशी हवा असलेला पाऊण मीटर दाब मिळवला की सव्वासहा मीटर, आणि पसरवणाऱ्या पाइपांतलं थोडं घर्षण धरून ७ मीटर. म्हणजे तुम्हाला असा पंप हवा जो ७ मीटर हेडला मिनिटाला १२० लिटर देईल, आणि तो बिंदू आलेखाच्या मधल्या भागात पडेल.

याच हिशेबात पाइप बदलून बघा. आतला व्यास ४० मिलिमीटर केला की घर्षण जवळजवळ तिप्पट होतं. ३२ मिलिमीटरला दर १०० मीटरमागे १९ मीटर जातात, म्हणजे आपल्या ७० मीटरला १३ मीटरपेक्षा जास्त. शोषखड्डा, उंची, घर सगळं तेच असूनही पंप मात्र पूर्ण वेगळा लागेल. ‘पंप चालतो पण पाणी पोचत नाही’ या तक्रारीत मी आधी पाइपाची जाडी विचारतो ती यासाठी. बाजारात पाइपाचा आकडा बहुतेक वेळा बाहेरच्या व्यासाचा असतो, आतला त्याहून कमी भरतो, हेही लक्षात ठेवा. अर्थात पाइप फार मोठा घेऊनही चालत नाही. पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला तर गाळ पाइपातच बसायला लागतो.

मग मोठा पंप का जळतो? सेंट्रिफ्युगल पंपाला जितकं कमी हेड मिळेल तितका तो जास्त पाणी फेकतो, आणि जास्त पाणी म्हणजे साधारणपणे मोटरवर जास्त भार. २० मीटर हेडसाठी केलेला पंप ४ मीटरवर लावला की तो आलेखाच्या अगदी उजव्या टोकाला पळतो, करंट पाटीवरच्या आकड्याच्या वर जातो, कधी आतून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. शिवाय तो टाकी काही सेकंदांत रिकामी करतो, म्हणजे सतत चालू-बंद. असा पंप आधीच घेतला असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरवर) करंट बघत प्रवाह आटोक्यात आणता येतो. हा तात्पुरता इलाज आहे, पण मोटर वाचवतो.

चालू-बंद, फ्लोट आणि परत येणारं पाणी

मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते आणि त्या क्षणी वाइंडिंग तापतं. पंप एकदा सुरू झाला की निदान मिनिट-दोन मिनिटं सलग चालायला हवा. आपल्या उदाहरणात सेकंदाला २ लिटरनं दोन मिनिटं म्हणजे २४० लिटर. टाकी ९० सेंटिमीटर व्यासाची गोल असेल तर दर १० सेंटिमीटरला साधारण ६४ लिटर मावतात, म्हणजे चालू आणि बंद पातळीत ३८ सेंटिमीटरचं अंतर हवं. पंपाला चिकटून आलेल्या फ्लोटची केबल आखूड असते. त्यावर एवढं अंतर मिळत नाही, आणि पंप दर पंधरा-वीस सेकंदांनी चालू-बंद होत राहतो. चालू, बंद आणि धोक्याची सूचना यांचे फ्लोट वेगळ्या दांडीवर, वेगवेगळ्या उंचीला बांधणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. फ्लोट पंपाच्या पाइपाला, केबलला किंवा दोरीला अडकत नाही ना, हे टाकी भरत असताना वरून नीट बघा.

बंद होण्याची पातळी अशी ठेवा की मोटरचा भाग पाण्याखालीच राहील, कारण तिला थंड करणारं तेच पाणी आहे. ‘टाकी पूर्ण रिकामी व्हावी’ हा हट्ट पंपाच्या जिवावर येतो. पंप तळावर न ठेवता १५-२० सेंटिमीटर उंच ठोकळ्यावर ठेवा, म्हणजे तळाचा गाळ ओढला जाणार नाही.

आता एक असं कारण, जे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. ५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला जवळजवळ २ लिटर पाणी असतं, ६० मीटरमध्ये साधारण १२० लिटर. एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) नसेल किंवा त्याची झडप खराब असेल आणि पाइपाचा उतार टाकीकडे असेल, तर पंप बंद होताच हे सगळं पाणी टाकीत परत येतं. दोन फ्लोटमध्ये १५० लिटरचं अंतर असेल तर घरातून जेमतेम ३० लिटर आले की पंप पुन्हा सुरू. दिवसभर तो तेच पाणी वर-खाली करत बसतो. तपासायला सोपं आहे: पंप बंद झाल्यावर झाकणाशी उभं राहून ऐका. खळखळ आवाज येत पातळी चढली तर एनआरव्ही बदला. जिथे पाइपातलं पाणी गोठण्याइतकी थंडी पडते तिथे एनआरव्ही मुद्दाम लावत नाहीत, पण मग परत येणारं पाणी धरून फ्लोटमधलं अंतर वाढवायलाच हवं.

एनआरव्ही लावला की दुसरी अडचण उभी राहते. पंपाच्या पोटात हवा अडकते, वर पाण्याचा स्तंभ बसलेला असतो, हवेला जायला वाट नसते. मोटर गुणगुणते, करंट नेहमीपेक्षा कमी दिसतो, पाणी उचलत नाही. यासाठी पंपाच्या लगेच वर आणि एनआरव्हीच्या खाली पाइपाला ५-६ मिलिमीटरचं भोक पाडतात. पंप चालू असताना त्यातून बारीक धार उडते. ती गळती समजून लोक एमसील लावून भोक बुजवतात आणि नंतर पंपानं हवा का धरली हे कळत नाही. ते भोक तसंच राहू द्या, साचलं तर साफ करा.

शोषखड्डा टाकीतल्या पातळीपेक्षा खाली असेल तर उलटा प्रकार होतो. पंप बंद झाल्यावरही पाणी सायफननं जात राहतं, पंप उघडा पडतो आणि पुढच्या वेळी हवा धरतो. पाइपाच्या सर्वांत उंच ठिकाणी हवा आत घेणारा सायफनरोधक व्हॉल्व्ह बसवला की हे थांबतं.

पंप पावसातच जास्त चालत असेल तर टाकीचं झाकण आणि सांधे तपासा, बाहेरचं पाणी आत येतंय. रात्री सगळे झोपल्यावरही चालत असेल तर संडासाची फ्लशची टाकी गळते आहे का ते बघा.

वीज

व्होल्टेज पंप बंद असताना मोजून उपयोग नाही. तो चालू असताना, स्टार्टरपाशी आणि शक्य तितकं पंपाजवळ मोजा. उदाहरणार्थ, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ६० मीटर टाकली आणि मोटर ८ अँपिअर घेत असेल, तर ११ व्होल्ट केबलमध्येच जातात. सुरू होताना ४० अँपिअर घेतले तर ५०पेक्षा जास्त. २३० व्होल्टच्या मोटरला त्या क्षणी पावणेदोनशे मिळतात, ती जोर करत उभीच राहते आणि तापते. तेवढ्याच अंतराला ४ चौरस मिलिमीटरची केबल टाकली की चालू असतानाची घट ४ व्होल्टवर येते.

चालतो, बंद पडतो, अर्ध्या तासानं आपोआप पुन्हा चालतो, असं होत असेल तर आतलं थर्मल ओव्हरलोड (मोटर तापली की ती बंद करणारं संरक्षण) काम करतंय. ते पंपाला वाचवत आहे. लगेच करंट मोजा, पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघा. ओव्हरलोडचं सेटिंग वाढवून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

पंपाला ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा ब्रेकर, हवाच. आणि पातळी वाढल्याची सूचना देणारी घंटा पंपाच्या सर्किटवर जोडू नका, वेगळ्या सर्किटवर जोडा. पंपाचा ब्रेकर पडला की घंटाही मुकी होते.

घेताना आणि बसवल्यावर

पंप बिडाचा, इपॉक्सी रंगाचा, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंचा घ्या. दोन मेकॅनिकल सील आणि मध्ये तेलाचा कप्पा असलेला मिळाला तर उत्तम, पाण्याकडचं सील सिलिकॉन कार्बाइडचं असावं. तेल भरलेली मोटर उष्णता चांगली बाहेर टाकते. केबल सलग इतकी लांब मागा की टाकीत एकही जोड येणार नाही.

बसवल्याच्या दिवशी तीन आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा स्टार्टरच्या पेटीत लिहून ठेवा: चालू असतानाचं व्होल्टेज, करंट, आणि घरातले नळ बंद ठेवून एका मिनिटात पातळी किती सेंटिमीटर उतरली. ९० सेंटिमीटरच्या टाकीत मिनिटाला १९ सेंटिमीटर उतरली तर १२० लिटर जात आहेत. काही महिन्यांनी पुन्हा मोजा. करंट तोच किंवा थोडा कमी, पण पातळी हळू उतरतेय, तर पाइप किंवा भोकं साचत आहेत. करंट वाढला असेल तर इंपेलरला काहीतरी लागलंय किंवा व्होल्टेज पडलंय. करंट एकदम कमी आणि पातळी हलतच नसेल तर हवा धरली आहे, ते छोटं भोक आधी बघा.